भाताच्या खाचरात तुलना-चाचणी कशी घ्यावी: ठाणे जिल्ह्यात काम करणाऱ्या शेती-संशोधकांसाठी

शाश्वत शेतीची कुठलीही पद्धत शिफारशीच्या पत्रकावर चांगलीच दिसते. मुरबाडच्या उताराच्या खाचरात, जुलैच्या पावसात, मजूर मिळेल त्या दिवशी ती टिकते का, हे मात्र शेतावर दोन पद्धती शेजारी शेजारी लावून आणि वजन करूनच कळतं. अशा चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतात दोरी, वजनकाटा, मोजपट्टी, पेन्सिल आणि मेपासून नोव्हेंबरपर्यंत गावात नियमित जाण्याची तयारी.

उदाहरणासाठी चारसूत्री भात लागवड घेतली आहे. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली ही पद्धत कोकणात परिचित आहे आणि कमी खतात जास्त भात हा तिचा दावा मोजता येण्यासारखा आहे. दुसरी कुठली पद्धत तपासायची असली तरी मांडणी, मोजणी आणि हिशेब असाच राहील.

प्रश्न एकच, आणि नीट सुटा केलेला

चारसूत्रीत चार गोष्टी एकत्र येतात. पहिली, पिकाच्या अवशेषांचा फेरवापर: आवणाच्या (रोपवाटिकेच्या) वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, आणि पहिल्या नांगरणीला हेक्टरी २ टन पेंढा जमिनीत. यातून सिलिका आणि पालाश मिळतं. सिलिकामुळे रोप काटक होतं, करपा आणि खोडकिडा यांचा त्रास कमी होतो. दुसरी, गिरीपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी ३ टन, चिखलणीच्या आठवडाभर आधी. तिसरी, नियंत्रित लावणी: १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने, चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याला) दोन-तीन रोपं. चौथी, युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या ब्रिकेट म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, चार चुडांमध्ये एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल.

आता समजा तुम्ही एका बाजूला पूर्ण चारसूत्री आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची नेहमीची पद्धत लावली आणि चारसूत्रीत भात जास्त निघालं. कशामुळे निघालं? ओळीत लावल्यामुळे, खत खोल गेल्यामुळे की पाल्यामुळे? दोनच वाफे असतील तर सांगता येणार नाही. आणि शेतकरी नेमकं हेच विचारतो, कारण त्याला चारही गोष्टी जमत नाहीत, एखादीच जमते.

म्हणून तीन वाफे घ्या. पहिल्यात (क) शेतकऱ्याची या वर्षीची खरी पद्धत. शिफारस केलेली नव्हे, तो एरवी जे करतो तेच, मूठभर युरिया फेकणार असेल तर तेही. दुसऱ्यात (ख) पूर्ण चारसूत्री. तिसऱ्यात (ग) चारसूत्रीचंच सगळं, फक्त खत ब्रिकेटऐवजी तेवढ्याच वजनाचं सुटं. ख आणि ग यांतला फरक म्हणजे खत खोल घालण्याचा परिणाम. क आणि ग यांतला फरक म्हणजे बाकी सगळ्याचा.

पेंढ्याचा विचार इथेच करा. हेक्टरी २ टन पेंढा गाडायचा म्हणजे तेवढी वैरण जनावरांच्या तोंडून काढायची किंवा विक्री सोडायची. भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांना पेंढा आणि गवत या भागातूनच जातं, तो रोख पैसा आहे. मातीसाठी पेंढा चांगला म्हणून तो फुकट धरणारा हिशेब शेतकऱ्यावर अन्याय करतो. घरात गुरं असतील तर पेंढा गाडण्याचा आग्रह सोडा. गिरणीवर तूस सहज मिळतं, त्याची राख वापरा आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा. राख काळी हवी. तूस पूर्ण जळून पांढरी झालेली राख घेऊ नका; धग कमी ठेवून, तूस मंद जळू देऊन मग विझवली की काळी राख मिळते.

खाचर निवडताना

एका शेतकऱ्याकडे दहा वाफे करण्यापेक्षा दहा शेतकऱ्यांकडे प्रत्येकी तीन वाफे कितीतरी उपयोगाचे. एका शेताची माती, एका घराची सवय आणि एकच बांध यांतून निघालेलं उत्तर दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. आठ ते बारा शेतकरी हा आटोक्यातला आकडा आहे. प्रत्येक शेतकऱ्याचे तिन्ही वाफे एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या जमिनीत असले पाहिजेत.

वाफा २ आर म्हणजे २०० चौरस मीटरचा ठेवा. शेतकरी गुंठ्यात बोलतो आणि एक गुंठा १०१ चौरस मीटरच्या आसपास येतो, त्यामुळे दोन गुंठे म्हटलं तरी चालतं. पण सांगितलेल्या क्षेत्रावर विसंबू नका. खाचरं वेडीवाकडी असतात, त्यात सातबाऱ्यावरचा आकडा पूर्ण गटाचा असतो, खाचराचा नसतो. टेप घेऊन स्वतः मोजा. वाकड्या खाचराचे त्रिकोण पाडा, प्रत्येकाचं क्षेत्र काढून बेरीज करा.

उताराच्या रांगेतली खाचरं हा इथला सर्वांत मोठा अडथळा आहे. वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून किंवा मोरीतून खालच्यात उतरतं आणि त्याबरोबर विरघळलेलं खतही. म्हणून तीन वाफे वर-खाली ठेवू नका. एकाच पातळीवर आडवे ठेवा आणि प्रत्येकाला पाण्याची आत-बाहेरची वाट वेगळी द्या. एकच मोठं खाचर तोडून तीन करायचं असेल तर मध्ये किमान ३० सेंटिमीटर रुंद बांध घाला आणि बांधाच्या पोटात जाड प्लॅस्टिकचा कागद हातभर खोल उभा पुरा. नुसता मातीचा नवा बांध पहिल्या मोठ्या पावसात झिरपतो. त्यात खेकडे बिळं करतात आणि रात्रीतून दोन वाफ्यांचं पाणी एक होतं. लावणीनंतरचे पहिले तीन आठवडे कोणीतरी रोज सकाळी बांधावरून फिरून बिळं चिखलाने बुजवायला हवीत. हे काम कोणाचं, ते आधीच ठरवा आणि त्याची मजुरी द्या.

कुठल्या वाफ्यात कुठली पद्धत, हे नाणं उडवून किंवा चिठ्ठ्या टाकून ठरवा, शेतकऱ्यासमोर. नाहीतर पाहुण्याच्या पद्धतीला घराजवळचा, गोठ्याचं पाणी उतरणारा सुपीक वाफा मिळतो. कधी उलटही होतं, पडीक कोपरा दिला जातो. दोन्हीत चाचणी वाया.

नुकसान झालं तर काय, हेही आधी बोलून घ्या. नव्या वाफ्यात भात कमी आलं तर फरक कोण भरून देणार, किती देणार आणि कोणत्या भावाने, हे कागदावर लिहा आणि एक प्रत घरात द्या. हे बोलणं फक्त खातेदार पुरुषाशी करू नका. लावणी बायका करतात. दोरी धरून ओळीत लावायला त्या तयार नसतील तर जुलैत काहीही होणार नाही.

सखल खाडीकाठच्या खारजमिनी आणि वरकस माळजमिनी एका चाचणीत मिसळू नका. हलक्या, भरभर पाणी मुरणाऱ्या जमिनीत खोल घातलेलं नत्रही पाण्याबरोबर खाली जातं, त्यामुळे ब्रिकेट तिथे मुळातच कमी कामाच्या. अशी जमीन घ्यायचीच असेल तर तिचा वेगळा गट करा.

मे महिना: मातीचा नमुना

पाऊस पडण्याआधी नमुने घ्या. प्रत्येक वाफ्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची आणि राब भाजलेली (रोपांच्या वाफ्यासाठी फांद्या-पाला जाळलेली) जागा टाळा. वरचा पालापाचोळा सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि एका बाजूची पातळ चकती वरपासून खालपर्यंत कापून घमेल्यात टाका. सगळं मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेलं पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. माती सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी कधीही वापरू नका, तिच्यातले कण अख्खा अहवाल बिघडवतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, एक पिशवीच्या आत, एक बाहेर.

सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्त एवढं तपासून घ्या. खाडीकाठी क्षारता हवीच.

आवण

तिन्ही वाफ्यांना वाण एकच, बियाणंही एकाच पिशवीतलं. कर्जत ३ किंवा कर्जत ७ यांसारखं हळवं (लवकर तयार होणारं) वाण घेतलं तर परतीच्या पावसाआधी काम उरकण्याची शक्यता वाढते, पण शेतकऱ्याला जे खायला आवडतं ते वाण असेल तर तो पिकाकडे जास्त लक्ष देतो. निर्णय त्याचा.

बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून निवडा: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेली पळींज काढून टाका, तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर उगवण घटते, म्हणून धुण्यात कुचराई नको.

गादीवाफा सव्वा मीटरपर्यंत रुंद, ८ ते १० सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना पाणी निघायला चर. ख आणि ग साठी राख घातलेला वाफा, क साठी शेतकऱ्याचा नेहमीचा, तो राब भाजत असेल तर राब भाजलेला. राबाबद्दल घाईने मत देऊ नका. फांद्या तोडणं आणि धूर हे तोटे खरे आहेत, पण भाजल्याने तणाचं बी मरतं आणि निंदणीचे दिवस वाचतात. राखेच्या वाफ्यात तण किती वाढलं आणि ते काढायला किती तास गेले, हे नोंदवलं नाही तर राब सोडायला सांगण्याचा तुम्हाला आधार उरत नाही.

पेरणी मृगात. तिन्ही वाफ्यांची रोपं एकाच दिवशी पेरलेली हवीत. लावणीला हळव्याची रोपं २१ ते २५ दिवसांची चांगली. पाऊस लांबला आणि रोपं ३५ दिवसांची झाली तर चाचणी सोडू नका, पण वय लिहा. वय झालेल्या रोपांना फुटवे कमी येतात आणि मग अंतराचा फायदा दिसत नाही. अशा वर्षाचा निकाल वेगळा वाचावा लागतो.

लावणीचा दिवस

चाचणीचं नशीब या एका दिवशी ठरतं. त्यामुळे तयारी आदल्या संध्याकाळी पूर्ण हवी.

दोरी वाफ्याच्या रुंदीपेक्षा दोन मीटर लांब घ्या. आधी भिजवून ताणा, मग १५, २५, १५, २५ सेंटिमीटरवर रंगीत चिंधी किंवा रंगाची खूण करा. कोरड्या दोरीवर केलेल्या खुणा चिखलात ताण बसला की सरकतात. दोन्ही टोकांना बांबूचे खुंट. दोन ओळींमधल्या अंतरासाठी १५ आणि २५ सेंटिमीटरच्या दोन काठ्या कापून दोन्ही टोकांच्या माणसांना द्या, म्हणजे दर वेळी टेप लावावी लागत नाही. एक ओळ झाली की दोरी १५ सरकवायची, पुढच्या वेळी २५. अशाने चार चुडांचा १५ बाय १५ चा चौकोन तयार होतो आणि दोन चौकोनांमध्ये २५ ची मोकळी वाट राहते. सरासरी काढली तर चौरस मीटरला २५ चूड.

ब्रिकेटचा हिशेब: चार चुडांना एक, म्हणजे चौरस मीटरला सव्वासहा, २ आरच्या वाफ्याला १२५० ब्रिकेट. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची, म्हणून वजन जवळपास ३.४ किलो. यात युरिया आणि डीएपी ६० ला ४० असतात, तेव्हा ग वाफ्यासाठी सुटा युरिया २ किलो आणि डीएपी १.३५ किलो असं मोजून वेगळं बांधा. ब्रिकेटमधून हेक्टरी साधारण ५७ किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद जातं. शिफारशीचा सर्वसाधारण डोस नत्र १००, स्फुरद ५०, पालाश ५० असा आहे, म्हणजे चारसूत्री नत्र बरंच कमी वापरते आणि काही भाग पाल्यातून घेते. ग वाफ्यातला डीएपी चिखलणीला, युरिया निम्मा चिखलणीला आणि उरलेला फुटव्यांच्या वेळी आणि लोंबी पोटरीत असताना, दोन हप्त्यांत.

तिन्ही वाफे एकाच दिवशी लावा, शक्य तर त्याच बायकांनी. सकाळी ताज्या दमाने एक वाफा आणि दुपारी थकून दुसरा, असं होऊ नये म्हणून कुठल्या वाफ्याने सुरुवात करायची तेही चिठ्ठीने ठरवा. रोप उथळ, दोन-तीन सेंटिमीटर खोलच लावायचं. खोल गेलेलं रोप फुटवे उशिरा देतं.

ब्रिकेट त्याच दिवशी, चिखल मऊ असताना घालायच्या. वाफ्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरे. चौकोनाच्या मधोमध बोटाने ७ ते १० सेंटिमीटर दाबायची आणि भोक चिखलाने बंद करायचं. खोल, हवा नसलेल्या चिखलात नत्र अमोनियमच्या रूपात टिकतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. वर राहिलेली ब्रिकेट पाण्यात विरघळून हवेत आणि ओहोळात जाते, मग वाफ्यात शेवाळ दिसतं. शेवाळाचे पट्टे दिसले तर घालण्यात कसूर झाली आहे असं समजा. काम संपल्यावर उरलेल्या ब्रिकेट मोजा. १२५० नेल्या आणि ४०० उरल्या तर तिसरा हिस्सा वाफ्याला खत मिळालेलंच नाही, आणि हे कळण्याची दुसरी सोय नाही.

ब्रिकेट हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसात उघडी पिशवी नेली की तासाभरात लगदा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यातून लागेल तेवढ्याच काढा. सलग हाताळून बोटांची कातडी फाटते, म्हणून रबरी हातमोजे द्या, आणि त्यांचा खर्चही हिशेबात धरा.

लावणी करणाऱ्यांची संख्या, सुरू-बंद झाल्याची वेळ आणि मजुरी वाफ्यानुसार लिहा. दोरीवर पहिल्या वर्षी वेळ जास्तच लागतो. घरच्या माणसांचे तासही लिहा, त्यांना मजुरी दिली नाही म्हणून ते शून्य होत नाहीत. शाश्वत म्हणून सांगितलेल्या पद्धतींचं ओझं बहुतेकदा घरातल्या बायकांच्या पाठीवर पडतं, आणि ते आकड्यात आणल्याशिवाय दिसत नाही.

जुलै ते सप्टेंबर

लावणीनंतर दहा दिवसांनी एक मीटर बाय एक मीटरची बांबूची चौकट वाफ्यात पाच ठिकाणी न बघता टाका आणि आतले चूड मोजा. ख आणि ग मध्ये २५ च्या आसपास आले पाहिजेत. १८ आले तर दोरी नीट सरकली नाही. ३५ आले तर बायकांनी कंटाळून मोकळ्या जागेत रोपं खोचली आहेत, असं पुष्कळदा होतं, कारण मोकळी जागा दिसली की हात आपसूक भरतो. आकडा खरा लिहा, तो पुढे निकाल समजायला लागतो.

तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी दहा-दहा चुडांचे फुटवे मोजा. चूड आधीच रंगीत काडी लावून ठरवलेले असावेत, नाहीतर नजर नकळत भरदार चुडाकडे जाते. करपा, खोडकिड्याने वाळलेले पोंगे आणि निळे भुंगेरे यांची नोंद शेकडा किती चूड अशी. शेतकरी एका वाफ्यावर फवारणी करणार असेल तर तिन्हींवर त्याच दिवशी व्हावी, किंवा केली नाही असं लिहावं.

पहिला महिना ख वाफ्यात चौकोनांच्या आत पाय पडू नयेत, ब्रिकेट हलतात. निंदणी २५ सेंटिमीटरच्या वाटेतून करा.

आलटून पालटून ओलावा आणि कोरड देऊन मिथेन आणि पाणी वाचवण्याची पद्धत खरिपात इथे तपासू नका. जुलै-ऑगस्टच्या पावसात खाचर कोरडं ठेवणं कोणाच्या हातात नसतं. ती चाचणी भातसा धरणाच्या कालव्याखालच्या उन्हाळी भातात घ्या. तिथे वाफ्यात १५ सेंटिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर लांबीचा पाइप, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून, निम्मा जमिनीत पुरतात आणि पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की मगच पाणी देतात. फुलोऱ्याच्या काळात मात्र वाफा कोरडा पडू देत नाहीत.

मुसळधार पावसात कसारा मार्गावरच्या गाड्या बंद पडतात आणि कल्याण-मुरबाड रस्त्यालाही तासन् तास लागतात. ठाण्याहून जाऊन रोजची नोंद होणार नाही. गावातलाच एक मुलगा किंवा मुलगी नेमा. त्यांना पाण्याची पातळी, बिळं आणि पावसाचं माप लिहायला शिकवा आणि दरमहा पैसे द्या. कागद जाड घ्या. शाई पसरते, पेन्सिल टिकते. रोज संध्याकाळी पानाचा फोटो मागवा.

कापणी आणि वजन

परतीचा पाऊस, रानडुकरं आणि घाईत आलेला मळणीवाला या तिन्हींना तोंड देत हे काम करायचं असतं. लोंबीतले शंभरातले ऐंशी-नव्वद दाणे पिवळे झाले की कापणीचा दिवस ठरवा आणि आधी दोन दिवस जाऊन थांबा. शेतकऱ्याने तुमच्याशिवाय कापून एकत्र भारे बांधले तर वर्ष गेलं.

प्रत्येक वाफ्यात ५ मीटर बाय ५ मीटरचा चौरस आखा. कर्ण ७.०७ मीटर आला तरच चौरस खरा. बांधालगतच्या तीन ओळी सोडा, तिथे उजेड जास्त मिळतो आणि भात फसवं भरदार दिसतं. चौरसाच्या कडेवरचा चूड आत धरायचा की बाहेर, याचा एकच नियम तिन्ही वाफ्यांना: बुंधा आत असेल तर आत.

त्या चौरसातलं भात वेगळं कापा, ताडपत्रीवर झोडा, पाखडा आणि वजन करा. काटा लटकता चालेल, पण दर सकाळी दुकानातल्या सीलबंद ५ किलोच्या पाकिटाने तपासा. पायली, मण आणि खंडी ऐकून किलोत बदलू नका, ही मापं गावागणिक बदलतात. ताडपत्रीवर सांडलेले दाणे त्याच वाफ्याच्या पोत्यात गेले पाहिजेत.

ओलावा हा सर्वांत मोठा फसवणारा. ताजं भात २० ते २४ टक्के ओलं असतं आणि सगळी तुलना १४ टक्क्यांवर आणूनच करायची असते. सूत्र असं: मोजलेलं वजन गुणिले (१०० वजा मोजलेला ओलावा), भागिले ८६. समजा २५ चौरस मीटरमधून १२.५ किलो भात निघालं आणि ओलावा २२ टक्के. मग १२.५ × ७८ ÷ ८६ म्हणजे ११.३४ किलो. २५ चौरस मीटरचे किलो चारने गुणले की हेक्टरी क्विंटल मिळतात: ४५.३. ओलावा धरला नसता तर ५० आले असते. पावणेपाच क्विंटलचा हा फरक पद्धतीचा नाही, नुसत्या पाण्याचा आहे. एक वाफा सकाळी दवात कापला आणि दुसरा दुपारी, तरी निकाल उलटू शकतो.

ओलावामापक नसेल तर आदिवासी विकास महामंडळाच्या धान खरेदी केंद्रावर असतो, तिथे विनंती करा. तिथे भात १७ टक्क्यांपेक्षा ओलं घेत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्यालाही या मोजणीत रस असतो. नमुना हवाबंद डब्यात न्या.

पेंढ्याचंही वजन करा. गिरणीवर प्रत्येक वाफ्याचं पाच-पाच किलो भात भरडून तांदूळ, कणी आणि कोंडा वेगळा तोला. भात जास्त पण कणी जास्त असेल तर घरात खाणाऱ्याला आणि विकणाऱ्याला फायदा कमी होतो. अन्नव्यवस्थेचा अभ्यास म्हणायचा तर तो खळ्यावर थांबून चालत नाही. किती घरात राहिलं, किती गिरणीवाल्याला, किती केंद्रावर आणि कोणत्या भावाने, हे दर शेतकऱ्याकडून लिहून घ्या.

शेतमजुरी करणाऱ्या कातकरी कुटुंबांशी बोलायचं असेल तर दिवाळीआधी बोला. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर निघून जातात आणि दारांना कुलूप दिसतं. मुलाखती जानेवारीत ठेवल्या तर ज्यांच्या हातांनी लावणी झाली त्यांचं म्हणणंच अहवालात येणार नाही.

आकड्यांचा अर्थ

प्रत्येक शेतकऱ्यासाठी ख वजा ग हा फरक काढा. सरासऱ्यांची तुलना करू नका, दर शेतातल्या फरकाकडे पाहा. समजा आठ शेतांत हेक्टरी क्विंटलमध्ये फरक असे आले: ६, ३, उणे १, ५, ४, २, ७, २. सरासरी ३.५. प्रत्येक आकड्यातून ३.५ वजा करून वर्ग करा, बेरीज ४६ येते. तिला ७ ने भागून वर्गमूळ घ्या: २.५६. ते ८ च्या वर्गमुळाने, २.८३ ने, भागा: ०.९१. आठ शेतांसाठी याला सांख्यिकीच्या टी-तक्त्यातल्या २.३६ ने गुणा: साधारण २.१. म्हणजे खरा फरक १.४ ते ५.६ क्विंटल यांच्या दरम्यान असावा असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. हा पट्टा शून्याला ओलांडत असता तर ब्रिकेटने उत्पन्न वाढतं असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नसता.

मग उणे १ आलेल्या शेतावर परत जा. सर्वांत जास्त शिकायला तिथेच मिळतं. हलकी माती होती का, बांध फुटला होता का, ब्रिकेट किती उरल्या होत्या, रोपं किती दिवसांची होती, हे सगळं तुमच्या वहीत असलं पाहिजे. डुकरांनी किंवा आडवं पडून झालेलं नुकसान असेल तर शेकडा किती, ते कापणीआधीच लिहिलेलं हवं. निकाल आवडला नाही म्हणून शेत गाळणं हा अप्रामाणिकपणा आहे आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी ती पद्धत स्वीकारणारा शेतकरी भरतो.

पैशाचा हिशेब दोन भावांनी करा, खरेदी केंद्राच्या आणि गावातल्या व्यापाऱ्याच्या. जास्तीच्या भाताची किंमत एका बाजूला. जास्तीचे मजुरीचे तास, ब्रिकेट, वाहतूक आणि पेंढा गाडला असेल तर त्याची बाजारातली किंमत दुसऱ्या बाजूला. मजुरी चालू दराने आणि दीडपट दराने, अशा दोन्ही प्रकारे मांडा. लावणीच्या आठवड्यात कल्याण-भिवंडीची गोदामं आणि बांधकामं माणसं ओढून घेतात, तेव्हा मजुरीचा आकडा स्थिर राहत नाही.

वजन झालं त्याच दिवशी शेतकऱ्याला त्याच्या तिन्ही वाफ्यांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून द्या, ओलाव्यासकट. सगळ्यांची बैठक मेच्या सुरुवातीला घ्या, बियाणं घेण्याआधी, म्हणजे निकालाचा उपयोग त्याच हंगामात होतो. बैठकीत सरासरी सांगण्यापेक्षा प्रत्येक शेताचे आकडे भिंतीवर लावा. कोणाच्या शेतात का जमलं नाही, हे शेजारी तुमच्यापेक्षा लवकर ओळखतात.

दुसऱ्या वर्षी तेच वाफे, त्याच पद्धती ठेवा, अदलाबदल करू नका. राख, पेंढा आणि पाला यांचा परिणाम मातीत हळूहळू साठतो. सेंद्रिय कर्बातला फरक तीन हंगामांआधी मातीच्या अहवालात स्पष्ट दिसेलच असं नाही. त्यामुळे निधी एकाच वर्षाचा असेल तर कर्ब वाढला असं लिहू नका. खत, मजुरी आणि उत्पन्न एवढंच एका वर्षात सांगता येतं. वाफ्यांच्या कोपऱ्यांना दगड पुरून त्यांचा नकाशा शेतकऱ्याकडे ठेवा, म्हणजे पुढे कोणीही आलं तरी नमुना त्याच जागेवरून घेता येईल.